काच खाली होती

बिडकीन,
१२ जून २०२५

प्रिय शिवा,

तुला शिक्षा लागून सात महिने झाले आणि मी एकही पत्र लिहिलं नाही. आज लिहितोय तेही खुशाली विचारायला नाही, मशीनबद्दल विचारायला. हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं बरं. दोनदा खुशालीपासून सुरुवात केली होती; ढोंग वाटलं, फाडून टाकलं.

कडबाकुट्टी यंत्रांची मागणी वाढली आहे. तू होतास तेव्हा गॅस कटिंगवर दिवसाला वीस साइड प्लेटा निघायच्या आणि त्यांच्या कडांना ग्राइंडर लावायची फारशी गरज पडायची नाही. तू गेल्यावर तीन माणसं ठेवून पाहिली. एकाच्याही हाताला ती रेघ नाही. शेवटी लेझर कटिंग मशीन घ्यायचं ठरवलं आहे.

दोन मशीनं समोर आहेत. एक उघड्या बेडचं, दीड किलोवॅटचं, स्वस्त. दुसरं तीन किलोवॅटचं, चारी बाजूंनी पत्र्याची केबिन आणि आत बघायला हिरवी काच. माझं शिक्षण बी.कॉम. पत्र्याची भाषा तुला येते. कुठलं घेऊ?

कोर्टात मी जे बोललो त्याबद्दल माफी मागत नाही. गोकुळ अकरा वर्षं आपल्याकडे वेल्डिंग करत होता आणि तुझ्या पहारेनं मेला. मी पाहिलं ते सांगितलं. सख्ख्या भावाविरुद्ध खरं बोललो म्हणून लोक मला मोठा म्हणतात. मला अवघडल्यासारखं होतं, पण थोडं बरंही वाटतं. ते बरं वाटणं वाईट आहे, हे मला कळतं.

आई कन्नडलाच आहे. तब्येत ठीक.

तुझा,
विश्वजीत


२९ जून

तीर्थरूप दादास,

असं लिहायचं असतं, चौथीत गुरुजींनी शिकवलं होतं. तीर्थरूप माणसाचे पाय धुवायचे असतात. तुझे पाय आता समोर आले तर धुवीन का तोडीन ते मला माहीत नाय.

सात महिन्यांनी पत्र आलं म्हणून बराकीत सगळे म्हणले, वाच की शिवा, भावाचं आलंय. वाचलं. मशीन! मी हसलो तर शेजारच्याला वाटलं मी त्याला हसतोय. त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं. मी त्याचा अंगठा दातात धरला आणि हाड लागंपर्यंत सोडला नाय. आता भुवईला सहा टाके हायत. तू साक्षीत म्हणाला होतास ना, शिवा पहिल्यापासून तापट आहे? व्हय, हाय. लिहून ठेव तुझ्या त्या वहीत.

तुझ्या मशीनला आग लागो. त्याच्या केबिनमधी तुझंच मुंडकं अडको.

साइड प्लेट अजून आठ एमएमचीच हाय का दहाची केली? पात्याचा होल्डर कितीचा? पत्रा पहिल्यासारखा गंजका घेतोस का आता चांगला? आणि बिडकीनला लाइट दुपारची अजून खाली-वर व्हती का? हे सांगितल्याशिवाय कुठलं मशीन घ्यायचं ते देवाला पण सांगता येणार नाय. विचारायची अक्कल नाय आणि मालक झाला.

शिवशंकर


बिडकीन,
१५ जुलै २०२५

प्रिय शिवा,

साइड प्लेट आठची, होल्डर दहाचा, कव्हरचा पत्रा तीनचा. पत्रा मिळेल तसा, पावसाळ्यात गंजकाच. लाइट दुपारी पडते. स्टॅबिलायझर घ्यावा लागेल.

तुझी रत्नमाला मार्चपासून शेडमध्ये येते. तुला तिने कळवलं असेलच. आधी मालाची नोंद ठेवायची, आता पत्र्यावर आखणी करते. एका पत्र्यात मला दहा प्लेटा बसवता येतात, ती अकरा बसवते. ‘भाऊजी, तुम्ही कागदाकडं बघता, मी उरलेल्या तुकड्याकडं बघते,’ म्हणाली.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस स्वतःशी भांडत होतो. तुझ्या रागाला जागा आहे हे मानतो. पण माझ्या बाजूने एकदा बघ. अठराव्या वर्षी तू सायकलच्या चेनने माझा दात पाडलास. जन्मदात्या आप्पांना ढकललंस तेव्हा त्यांचं मनगट मोडलं. रत्नमालाच्या भावाची जीप तू दगडांनी फोडली होतीस. तू पहार उचलली यात मला नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं का?

तू म्हणालास, गोकुळने आधी चालू ग्राइंडर मानेवर घातला. पण पोलीस आले तेव्हा ग्राइंडर खिळ्याला टांगलेला होता. त्याचा फोटो आहे. मरणारा माणूस उठून ग्राइंडर जागेवर टांगून येतो का? तो आजही त्याच खिळ्याला आहे. कुणी वापरत नाही.

पुढच्या महिन्यात वाळूजला बंद केबिनचं मशीन चालवून दाखवणार आहेत. काय बघू?

विश्वजीत


२ ऑगस्ट

दादा,

उघड्या बेडचं घेऊ नको. आठ आणि दहाला दीड किलोवॅट रडतं. आणि त्याची झळ डोळ्याला कुठून लागंल सांगता येत नाय, शेडमधी बाया फिरतात.

वाळूजला जाशील तर हे कर. त्यांचा पत्रा कापू देऊ नको. ते चकचकीत दोन एमएमवर मोर काढून दाखवतात आणि गिऱ्हाईक टाळ्या वाजवतं. तू आपला आठचा गंजका पत्रा टेम्पोत घालून ने. होल्डरचे बारके तुकडे काप म्हण. बारका तुकडा सुटला की कधी कधी उभा राहतो आणि मशीनचं डोकं त्याला धडकतं. तेव्हा मशीन थांबतं का माणसाला पळावं लागतं, ते बघ. खरी पारख तीच.

आणि हिरव्या काचेपाशी उभा राहा. ठिणगी चालू असताना आत काय दिसतं ते नीट बघ. आणि मला लिही.

मी एकदाच सांगतो, परत सांगणार नाय. त्या दिवशी सकाळी तू गोकुळला वेल्डिंगवरून काढलंस, कारण त्याचे टाके तडकत होते आणि दोन यंत्रं परत आली होती. टाके घालायला तू बसलास, त्याला कडा घासायला बसवलंस. मी म्हणलो, “काय गोकुळराव, अकरा वर्षांनी दादानं भांडी घासायला लावलं का?” एवढंच म्हणलो. तो उठला. ग्राइंडर चालू, गार्ड नव्हतंच, मोठी चकती बसवायला आपण सगळेच गार्ड काढून ठेवायचो. मानेवर आला. मी वाकलो, खांद्यात घुसला. माझ्या मांसाचा वास मला आला, दादा. पहार हाताला लागली ती मी घातली.

खांद्याची खाच चार बोटं हाय. कोर्टात म्हणले पत्र्याची कड लागली असंल, कारण तू म्हणलास गोकुळचे हात मोकळे होते, पहिल्यापासून.

तू टाका घालत होतास. तोंडावरची काळी काच खाली होती. माझ्या वकिलानं तुला विचारलं आणि तू म्हणलास, वर होती. अरे, आर्क चालू असताना काच वर ठेवणारा माणूस संध्याकाळी आंधळा होऊन घरी जातो. हे त्या काळ्या कोटवाल्याला नाय कळणार. तुला?

शिवा


बिडकीन,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय शिवा,

काल वाळूजला जाऊन आलो. रत्नमाला बरोबर होती. तू सांगितलंस तसा आपला पत्रा नेला. दाखवणाऱ्याने तोंड वाकडं केलं, ‘काका, हा काय भंगारातून आणला का?’ रत्नमाला म्हणाली, ‘नाही, यातूनच पोट भरतं. लावा.’

मशीन चांगलं आहे. आठची कड बोट फिरवण्यासारखी निघते. मी काचेपाशी उभा राहिलो. होल्डरचे तुकडे कापायला घेतले. सहावा की सातवा तुकडा उभा राहिला, डोकं त्याला धडकलं, मोठा आवाज झाला, मशीन आपोआप थांबलं. माणसं ओरडली. नळी निखळली होती, ती त्यांनी पंधरा मिनिटांत बसवली.

मग चहाच्या वेळी तिथे आलेल्या दुसऱ्या एका कारखानदाराला मी सगळं सांगत होतो. तुकडा डाव्या कोपऱ्यातून कसा उचलला गेला, कसा तिरपा उभा राहिला, डोकं कसं उजवीकडून आलं. हाताने करूनही दाखवलं. तो गेल्यावर रत्नमाला म्हणाली,

‘भाऊजी, हे तुम्ही कुठं बघितलं?’

‘म्हणजे? समोर तर होतो.’

‘तुम्ही ठिणगीकडं बघत होता. मी बाजूच्या काचेपाशी होते. तुकडा उठला तेव्हा मी हात हलवून ओरडले, तुमच्यापासून दोन हातावर. तुम्ही मान वळवली नाही. डावा कोपरा, तिरपा, हे मी तुम्हाला नंतर सांगितलं. तुम्ही माझेच शब्द त्यांना सांगितले.’

मी म्हणालो, नाही, मला दिसलं. आणि शिवा, मला खरंच दिसत होतं. आत्ता लिहितानाही तो तुकडा मला उठताना दिसतो. मग तिने विचारलं, ‘मी कुठल्या हाताने खुणावत होते?’

ती तिथे उभी होती हेच मला माहीत नव्हतं.

तुझं पत्र तिने वाचलेलं नाही, मी कुणालाच दाखवलं नाही. तरी बिडकीनला उतरताना ती म्हणाली, ‘तुम्ही खोटं बोलत नाही भाऊजी, हे मला माहीत आहे. म्हणून तर भीती वाटते.’

त्या वर्षाची वही पेटीत आहे. त्या दिवसाचं मी काहीतरी लिहिलं होतं. काय, ते आठवत नाही. त्यानंतर ती उघडलेली नाही.

विश्वजीत


३ ऑक्टोबर

दादा,

दीड महिना पत्र नाय. रत्ना भेटीला आली होती. म्हणली, भाऊजींचा खांदा बांधलाय, कान शिवलाय, दवाखान्यात आठ दिवस होते. कुणी मारलं विचारलं तर म्हणली, तेच लिहितील. वकील पण भेटला, तो म्हणतो तुझ्या भावानं काहीतरी आणून दिलंय, मी आत्ता बोलत नाय.

तुला मारायचा हक्क माझा होता. कोणी घेतला सांग. बाहेर माझी माणसं हायत.

नायतर सांगू नको. पण जिवंत हायस तेवढं कळव.

शिवा


बिडकीन,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय शिवा,

जिवंत आहे. उजवा हात अजून नीट चालत नाही, अक्षर लावून घे. आणि तुझ्या माणसांना घरी बसू दे. मला मारणाऱ्याचं नाव मी पोलिसांना सांगितलेलं नाही. तुला सांगतो, कारण न सांगता पुढचं कळणार नाही.

वही उघडली. १४ मार्च २०२३ चं लिहिणं जसंच्या तसं उतरवतो. दोन पानांवर आहे. पहिलं पान:

‘दुपारी सव्वाबारा. साइड प्लेटला टाका घालत होतो. किंचाळी ऐकू आली. टाका मध्ये सोडला तर तडा जातो म्हणून पुरा केला. काच वर केली. गोकुळ गुडघ्यांवर, दोन्ही हात डोक्यावर. शिवाच्या हातात पहार. शिवाने मारली. हातांवरून डोक्यात. गोकुळ पडला.’

दुसरं पान:

‘ग्राइंडर जमिनीवर चालू होता. गोल फिरत होता, रक्त उडवत होता. बटण बंद केलं. पुसला. खिळ्याला अडकवला. मग पोलिसांना फोन. शिवाचा सदरा खांद्यावर फाटलेला. जेवलो नाही.’

चालू हत्यार जमिनीवर सोडायचं नाही, असं आप्पा म्हणायचे. तू पाहिलं आहेस, मी झोपेतही ते करीन. माणूस मरत होता आणि मी ग्राइंडर पुसला. मग पंचनाम्यात तो खिळ्याला दिसला आणि पहिल्यापासून तिथेच होता असं मी धरून चाललो. गोकुळचे हात मोकळे होते हे खरं होतं, मी पाहिलं त्या क्षणी. पोलिसांनी विचारलं, ‘आधीपासून?’ मी हो म्हणालो. दीड वर्षाने कोर्टात उभा राहिलो तेव्हा मला सगळं दिसत होतं, त्या तुकड्यासारखं. काचसुद्धा वर होती.

वही घेऊन औरंगपुऱ्यात तुझ्या वकिलांकडे गेलो. त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि म्हणाले, खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो. होऊ दे.

कोर्टात काही दाखल होण्याआधी गोकुळच्या घरी सांगायला हवं, असं मला वाटलं. हे शहाणपण होतं की आणखी एकदा मोठं म्हणवून घ्यायची हौस, माहीत नाही. एसटीने कन्नडला गेलो. त्याचा भाऊ पुंडलिक जीप चालवतो. ती दारात उभी होती. त्याची आई सुगंधाबाई जोंधळे निवडत होती. मी ओट्यावर बसून दोन्ही पानं वाचली. पहिलं पान ऐकताना पुंडलिक रडत होता. दुसरं ऐकताना रडायचा थांबला.

सुगंधाबाई म्हणाल्या, “मेलेल्याच्या हातात काय होतं ते तुला आता दिसलं व्हय?”

मी म्हणालो, “दिसलं नाही, मावशी. तेच सांगायला आलो.”

पुंडलिकने जीपमधून टॉमी काढली, ती चाक खोलायची लोखंडी दांडी. “माझ्या भावाला परत मारायला आलास का?” म्हणाला. पहिला फटका खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज ओल्या काठीसारखा असतो. दुसरा कानावर, कान लोंबत होता आणि मला त्यातून फक्त शिट्टी ऐकू येत होती. तिसरा पाठीत. मी ओट्यावरून खाली गुडघ्यांवर आलो आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. तोंडात माती आणि रक्त. मला वाटलं, आता चौथा डोक्यात.

मी वर बघितलं. या वेळी मध्ये काहीच नव्हतं, सगळं दिसत होतं. टॉमी वर गेलेली, त्याच्या मनगटावर माझं रक्त, मागे सुगंधाबाई सूप धरून उभ्या. त्या ‘थांब’ म्हणाल्या नाहीत. कुणीच म्हणालं नाही. पुंडलिक माझ्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने टॉमी जीपवर फेकली. काच फुटली. त्याच जीपमध्ये घालून त्याने मला दवाखान्यात आणलं. वाटेत एकच बोलला, “असाच होता का तो? हात असे?”

मी हो म्हणालो.

आता विचारायचं ते विचारतो. वकील म्हणतात, अपिलात दुसरं पान तेवढं दाखल करू. ग्राइंडर, रक्त, फाटलेला सदरा. स्वसंरक्षण, सुटू शकतोस. पहिलं पान दिलं तर गुडघ्यांवरच्या माणसाला मारलेला घाव आत येतो. मग जन्मठेप कदाचित उतरेल, पण काही वर्षं राहतील. ‘पानं वेगळी आहेत,’ म्हणाले, ‘आणि वही तुमची आहे.’

मी उठून म्हणणार होतो, दोन्ही देतो. शब्द ओठांवर आले होते. मग वाटलं, माझ्या खरेपणावर माझाच भरवसा उरलेला नाही. तो एकदा तुझ्या मानेवरून गेला आहे. त्याची किंमत पुन्हा तूच का द्यायची? म्हणून दोन्ही पानं अजून माझ्याकडे आहेत. तू म्हणशील तसं करीन आणि नंतर कधी बोलून दाखवणार नाही.

मशीन अजून घेतलं नाही.

विश्वजीत


२६ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र सात-आठदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पुंडलिकला फाडतो. मग हातांची ओळ वाचली. पुढं सरकताच येईना.

मी सगळ्यांना दोन घाव सांगितले होते. एक त्याचा, एक माझा. वकिलाला, रत्नाला, आईला. रोज सांगून सांगून मला पण दोनच दिसायला लागले होते. तुझ्यासारखंच झालं की.

तीन होते. पहिला त्याचा, खांद्यात. दुसरा माझा, तेव्हा मी जीव वाचवत होतो, त्याला मी डरत नाय. ग्राइंडर त्याच्या हातातून पडला. तो गुडघ्यावर आला, हात डोक्यावर घेतले. म्हणला, “शिवा, बास.” तुला ऐकू आलं नसंल, तुझा टाका चालू होता. मला ऐकू आलं. मी मारली. ती रागाची होती. ती तू बघितलीस.

पुंडलिक थांबला. त्याचा तर भाऊ मेला होता, तरी थांबला. मला कोणी थांब म्हणायची गरज नव्हती, म्हणणारा समोरच होता.

दोन्ही पानं दे. वकिलानं नाय म्हणलं तर दुसरा कर. हे पत्र इथले साहेब आधी वाचतात, मग शिक्का मारतात. वाचू दे, म्हणूनच लिहिलंय.

आईला तू सांगू नको. मी सांगीन.

मशीन बंद केबिनचं घे, तीन किलोवॅटचं. काचेपाशी एक माणूस चालवायला ठेव आणि एक नुसता उभा कर, ठिणगीकडं पाठ करून. त्यानं फक्त माणसांकडं बघायचं. रत्नाला ठेव, तिला दिसतं.

आणि खिळ्यावरचा तो ग्राइंडर काढ, वकिलाला बरोबर घेऊन पोलिसांकडं दे. तू पुसलास ते वरवर पुसलास. आत जाळीत रक्त राहतं, माझं बी असंल, त्याचं बी असंल. तू काही बघायला जाऊ नको.

हात लावशील तर फडक्यात धर. पुसू नको.

तुझा,
शिवा